गोळी आहे, पण ती फोनवर लिहून देता येत नाही

चाकण-महाळुंगे पट्ट्याचे नाव अमली पदार्थांच्या बातम्यांत येते ते बहुधा मेफेड्रोनमुळे. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २० किलो मेफेड्रोन पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा पडला, तेव्हाही चर्चा ‘एमडी’चीच होती. या व्यसनावर खात्रीने लागू पडणारे औषध अजून वैद्यकशास्त्राकडे नाही. समुपदेशन आणि लक्षणांवरचे उपचार यांवरच भिस्त ठेवावी लागते. अफूच्या कुळातील पदार्थांचे मात्र तसे नाही. अफू, डोडा, गर्द म्हणजे ब्राउन शुगर, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या या साऱ्यांच्या व्यसनावर औषध आहे. भारतीय कंपन्या ते बनवतात. प्रश्न आहे तो महाळुंग्यात तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचण्याचा.

हे व्यसन पंजाब आणि ईशान्येकडचे, असा आपला समज असतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. अफूवर्गीय पदार्थांचा वापर करणाऱ्यांचे प्रमाण त्यात लोकसंख्येच्या २.०६ टक्के निघाले आणि सुमारे ७७ लाख लोकांना या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज मांडला गेला. रुग्णसंख्येचा मोठा वाटा असलेल्या मोजक्या राज्यांत पंजाब, उत्तर प्रदेश, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. पुण्याला तर हे नवे नाही. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यामागे शहरातल्या तरुण मुलांना लागलेला गर्दचा विळखाच होता. औद्योगिक पट्ट्यात त्यात आणखी भर पडते. लांब पल्ल्याच्या मालमोटारी चालवणाऱ्यांत जागरणासाठी आणि अंगदुखीसाठी डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांची भुकटी, घेण्याची सवय जुनी आहे. बारा-बारा तास उभ्याने काम करणाऱ्याला वेदनाशामक गोळीची गरज भासते आणि ती गोळी कधी सवयीची होते, ते त्यालाही कळत नाही.

औषधाचे नाव बुप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवून विरघळवायची ही गोळी मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसते, जिथे गर्द किंवा अफू बसते. मात्र ती त्या जागा अर्ध्याच चेतवते. त्यामुळे तलफ शमते, व्यसनी मंडळी ज्याला ‘टर्की’ म्हणतात तो घाम, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे असा सगळा त्रास थांबतो, पण नशेची लाट येत नाही. ठरावीक मात्रेच्या पुढे श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून अतिमात्रेने दगावण्याचा धोका इतर अफूवर्गीय पदार्थांपेक्षा बराच कमी असतो. कोणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून तिच्यात नॅलोक्सोन मिसळलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ हा आक्षेप वारंवार ऐकू येतो, डॉक्टरांकडूनही. मधुमेह्याला रोज इन्सुलिन घ्यावे लागते म्हणून त्याला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही, एवढेच उत्तर पुरेसे आहे.

हे उपचार आठ दिवसांचे नसतात. महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालतात, आणि औषध मध्येच सुटले की माणूस परत मूळ पदार्थाकडे वळण्याची शक्यता फार मोठी. शिवाय औषध सुटलेल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचीच मात्रा मग जिवावर बेतू शकते. म्हणजे या उपचारांचे यश औषध किती चांगले आहे यापेक्षा ते किती सलग मिळते यावर ठरते. आता महाळुंग्यातला एखादा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणा. मनोविकारतज्ज्ञ गाठायला त्याला पिंपरीला किंवा थेट पुण्याला जायचे आहे. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी ज्याने अनुभवली आहे त्याला या प्रवासाचा हिशेब सांगायला नको. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, म्हणजे पहिल्या पाळीचा खाडा. रात्रपाळी करून आलेला असेल तर झोपेचा खाडा. दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी हे करायचे, आणि मुकादमाने विचारले तर कारण सांगायचे नाही. किती महिने जमेल?

अशा माणसासाठी व्हिडिओवरचा डॉक्टर हा सरळ उपाय वाटतो, आणि इथेच नियम आडवा येतो. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, देशात दूरवैद्यक सेवेची नियमावली जाहीर झाली. डॉक्टरांना फोनवर, व्हिडिओवर तपासून औषध लिहून देण्याची स्पष्ट मुभा तिने प्रथमच दिली. पण त्यात एक निषिद्ध यादी आहे: परिशिष्ट ‘एक्स’मधील औषधे आणि अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या ‘एनडीपीएस’ कायद्याखाली येणारे सर्व अमली व मनोप्रभावी पदार्थ. बुप्रेनॉर्फिन त्या कायद्याच्या यादीत आहे. त्यामुळे डॉक्टर रुग्णाला वर्षभर ओळखत असला, रुग्ण स्थिर असला, तरी व्हिडिओवरून ही गोळी लिहून देता येत नाही. गंमत अशी की टॅपेन्टाडॉल हे अफूसारखेच परिणाम करणारे वेदनाशामक नियमावली आली तेव्हा ‘एनडीपीएस’च्या यादीत नव्हते. व्यसन लावू शकणाऱ्या गोळीवर ही बंदी नाही, ते सोडवणाऱ्या गोळीवर आहे, अशी ही उलटी तऱ्हा. याच टॅपेन्टाडॉलच्या कॅरिसोप्रोडॉलबरोबरच्या मिश्रणाची पश्चिम आफ्रिकेत होणारी निर्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाली, तेव्हा धागा मुंबईच्या एका कंपनीपर्यंत पोहोचला होता.

नियम बदलता येत नाही, असेही नाही. मूळ नियमावली आल्यावर काही आठवड्यांतच क्लोनाझेपाम, क्लोबाझाम आणि फिनोबार्बिटोन या तीन औषधांना सूट मिळाली. तीही मनोप्रभावी पदार्थांच्याच यादीतली आहेत. अपस्माराच्या रुग्णाचे औषध टाळेबंदीत तुटले तर झटके येतील, हे सर्वांना लगेच पटले. व्यसनाच्या रुग्णाचे औषध तुटले तर काय होईल, हे पटवून देणारे कोणी त्या खोलीत नसावे.

अमेरिकेने याच काळात वेगळी वाट धरली. तिथे २००८ च्या कायद्याने नियंत्रित औषधांसाठी आधी प्रत्यक्ष तपासणी सक्तीची केली होती. मार्च २०२० मध्ये ती अट शिथिल झाली आणि बुप्रेनॉर्फिन साध्या फोनवरही सुरू करता येऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय नियमाने सहा महिन्यांपर्यंतचे औषध अशा रीतीने देण्याची तरतूद केली. काही राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांत प्रत्यक्ष भेटीची अट मात्र राहिली, त्यामुळे रुग्णाचे नशीब तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून असते. सवलतीनंतरच्या पाहण्यांत बुप्रेनॉर्फिनचा संबंध असलेल्या अतिमात्रेच्या मृत्यूंचा वाटा वाढलेला दिसला नाही. दूरसल्ल्याने उपचार घेणारे रुग्ण उपचारांत अधिक टिकले.

तरीही सावधगिरी बाळगणारे अगदीच चुकीचे नाहीत. बुप्रेनॉर्फिनची इंजेक्शने नशेसाठी टोचून घेण्याचा प्रकार भारतात जुना आहे. अमेरिकेतही ‘डन ग्लोबल’ या ऑनलाइन कंपनीच्या प्रमुखांना २०२४ मध्ये अटक झाली. औषध वेगळे होते, उत्तेजक वर्गातले, पण स्क्रीनवरच्या झटपट भेटीतून नियंत्रित गोळ्या वाटल्याचाच तो आरोप होता. आणखी एक वैद्यकीय अडचण आहे. अंगात गर्द ताजे असताना बुप्रेनॉर्फिनची पहिली गोळी घेतली तर ‘टर्की’ एकदम उसळते. सुरुवात कधी करायची हे ठरवायला अनुभवी नजर लागते. म्हणून पहिली भेट समोरासमोर व्हावी, हा आग्रह मला रास्त वाटतो. आक्षेप आहे तो पंधराव्या आणि पन्नासाव्या भेटीलाही तोच नियम लावण्याला.

पण समजा उद्या दिल्लीने ही बंदी उठवली, तरी महाळुंग्यातल्या कामगाराचे काम होणार नाही. कारण कुलुपे दोन आहेत. व्यसनावरच्या बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. त्या फक्त मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रांना पुरवल्या जातात. व्हिडिओवर चिठ्ठी मिळाली तरी ती घेऊन जायचे कुठे? दूरवैद्यकाच्या उत्साहात ही बाजू हमखास विसरली जाते.

हे दुसरे कुलूप बरेचसे राज्याच्या हातात आहे, कारण आरोग्य हा राज्याचा विषय. पंजाबने २०१७ पासून गावोगावी बाह्यरुग्ण केंद्रे उघडून तिथून ही गोळी द्यायला सुरुवात केली आणि कोविडच्या काळात स्थिर रुग्णांना अनेक दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. महाराष्ट्राला चाकणच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी औषध ठेवण्याची मान्यता मिळवता येईल. मग दूरवैद्यक खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. नियमावलीत डॉक्टरने डॉक्टरला सल्ला देण्याची वाट मोकळी आहे आणि त्यात उपचारांची जबाबदारी रुग्णासमोरच्या डॉक्टराकडेच राहते. ‘ई-संजीवनी’ची यंत्रणा २०१९ पासून अशा सल्ल्यासाठीच उभी आहे. पुण्यातला तज्ज्ञ पडद्यावर, स्थानिक वैद्यकीय अधिकारी रुग्णासमोर, गोळी तिथल्याच कपाटात, आणि वेळ संध्याकाळी सहाची. प्रशिक्षणासाठी बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’चे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाशी निगडित विकार मानसिक आजारांत धरले आहेत आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्कही दिला आहे. तेव्हा हे राज्याचे कर्तव्यच ठरते, उपकार नव्हे.

घरातल्या कोणाला आजच मदत हवी असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. दोन्हीकडून समुपदेशन आणि जवळच्या केंद्राची माहिती मिळते. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे दवाखान्यात जात नाहीत. त्यांनी ‘एनडीपीएस’ कायद्याचे कलम ६४-अ माहीत करून घ्यावे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत.