बोगदा झाला, गाडी भरली का?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यातला इगतपुरीचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा. रिठदहून वाशीच्या बाजारात निघालेल्या भाजीच्या गाडीत बसून मी तो पाहिला. बाहेर पाऊस कोसळत होता, आत दिव्यांची रांग. कसारा घाटात अर्धा तास जायचा, तो आठ-दहा मिनिटांत सरला. मन हरखले.

पण मागे वळून पाहिले, तर गाडी निम्मी रिकामी! माल एकट्याचा. डिझेल, टोल, ड्रायव्हरची मजुरी सगळी त्या निम्म्या क्रेटवर पडली. पट्टी हातात आली तेव्हा घाटात वाचलेल्या अर्ध्या तासाचा एक रुपयाही त्यात दिसला नाही.

या महामार्गावर दुचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. म्हणजे एकट्या लहान शेतकऱ्याला तो तसा दूरच. म्हणून चार शेजारी एकत्र या, एकच गाडी ठरवा. तोडणी सकाळच्या गारव्यात करा, माल सावलीत ठेवा, प्रतवारी करूनच क्रेट भरा. संध्याकाळी गाडी सोडण्याआधी टायर तपासा. बोगद्यात दिवे चालू ठेवा, मध्येच थांबू नका.

सरकारने डोंगर फोडला. आता धुऱ्याधुऱ्यावरचा अबोला आपणच फोडायचा आहे. ते काम कोणतेही यंत्र करणार नाही.