कॉइल का तापते?

इंजिन बंद, चावी मात्र चालू, आणि चालक गाणी ऐकत बसलेला. जुन्या पॉइंटच्या पेट्रोल गाडीत ही सवय महागात पडते. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून सतत करंट वाहतो. ती तापून आतले इन्सुलेशन जळते. काही कॉइलना बाहेरून रेझिस्टर लागतो. तो न जोडता बसवली, तर नवी कॉइलही तापते. दुकानदाराला आधी विचारा.

वायरचे म्हणाल तर, १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या वर. वायर तीच! सैल, गंजलेला जोड आधी तापतो. फ्यूज उडतो म्हणून सिगारेटची चांदी गुंडाळणारेही आहेत. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि शेजारूनच पेट्रोलची नळी गेलेली असते.