कोयता, रील आणि धिंड

पुण्यात कोयता नाचवणाऱ्या पोरांची पोलिसांनी त्यांच्याच भागात धिंड काढली, की व्हिडिओ व्हायरल! तुम्हीही ‘बरं झालं’ म्हणत फॉरवर्ड केला असेल. दहशत मोडायलाच हवी. गाडीच्या काचा फुटलेल्यांना विचारा. पण त्या पोराला हवी होती ‘भाई’ ही ओळख. ती आपणच फुकटात पसरवतो. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्येच ‘आउटसायडर्स’मध्ये दाखवलं, की असा शिक्का समाज मारतो, मग माणसाचे परतीचे रस्ते बंद होत जातात. पोरगा अठराच्या आतला असेल, तर २०१५ चा बाल न्याय कायदा त्याची ओळख उघड करायलाच मनाई करतो. उद्या सुटून आल्यावर त्याला गॅरेजवर काम मिळणार, की पुन्हा टोळीच जवळ करणार, हे तुमच्या फॉरवर्डवरही ठरतं.