पत्त्याच्या पानाएवढा कारभारी

दिवा लागला नाही तर पूर्वी आपण फ्यूज पाहायचो, फार तर वायरमनला बोलावणे पाठवायचो. आता काही घरांत पहिला प्रश्न असतो, "अपडेट कोणी केलं?" कारण या घरांतले दिवे, पंखे आणि टाकीचा पंप यांचा कारभार पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक पाहतो. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली 'रास्पबेरी पाय' ३५ डॉलरला बाजारात आणला आणि थोरल्यांनी तो हौसेने घरकामाला जुंपला. पॉलस स्खाउत्सेन या डच तरुणाने २०१३ मध्ये सुरू केलेले 'होम असिस्टंट' हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यावर चालते. त्याची नवी आवृत्ती दर महिन्याला येते.

चालते आहे ते कशाला बदलायचे, असे घरातली वडीलधारी विचारतात. प्रश्न रास्तच आहे, परंतु त्याचे उत्तर मार्च २०२३ मध्ये मिळाले. परवलीचा शब्द न देताच बाहेरच्याला आत शिरता येईल, असे भगदाड या सॉफ्टवेअरमध्ये असल्याचे तेव्हा जाहीर झाले. अशी भगदाडे अपडेटनेच बुजतात.

मे २०२५ मध्ये मात्र वेगळीच घोषणा झाली. ३२ बिटच्या यंत्रांना २०२५च्या डिसेंबरची आवृत्ती शेवटची, पुढे अपडेट नाही! जुने यंत्र लगेच भंगारात काढायचे कारण नाही. 'पाय ३'चा प्रोसेसर मुळात ६४ बिटचा. अनेकांनी त्यावर ३२ बिटची प्रणाली चढवली होती, एवढेच. बॅकअप घेऊन प्रणाली नव्याने चढवली की तेच यंत्र पुढे चालते. पहिल्या 'पाय २'ला मात्र ही सोय नाही. तो आहे तसा चालेल, पण त्याला इंटरनेटवरून पोहोचण्याची वाट ठेवू नये.

तरीही आम्हाला हा निरोप सभ्य वाटतो. 'रिव्हॉल्व्ह' नावाची ३०० डॉलरची डबी आठवा. ती कंपनी 'नेस्ट'ने विकत घेतली, १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली आणि ग्राहकांच्या घरातल्या धडधाकट डब्या एका दिवसात निकामी झाल्या. स्वतःच्या घरातल्या यंत्राला अशी दुसऱ्याच्या मर्जीची दोरी नसते. अर्थात, मग जबाबदारीही घरचीच.

ती सहसा एकाच हौशी माणसाकडे असते आणि त्रास सगळ्यांना होतो. त्याने पाहुणे यायच्या तासभर आधी अपडेट करू नये. काय मोडण्याचा संभव आहे हे आवृत्तीच्या टिपणात दिलेले असते, ते वाचावे. बॅकअप त्याच मेमरी कार्डावर ठेवू नये. सतत लिहून लिहून ही कार्डे झिजतात. भिंतीवरची बटणे काढू नयेत. आजीला अ‍ॅप शिकवण्यापेक्षा ते सोपे! आणि यंत्र कुठे आहे, पंप हाताने कसा सुरू करायचा, हे कागदावर लिहून मीटरच्या पेटीत ठेवावे. कारभारी परगावी गेला म्हणून टाकी रिकामी राहता कामा नये.