उपकर इमारतीपाशी वसूल होतो, कामगाराची नोंदणी का नाही?

महाराष्ट्रात मोठी इमारत उभी करायची तर बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कामगार कल्याण उपकर म्हणून भरावी लागते. खासगी बांधकामाकडून तो परवानगीच्या वेळी घेतला जातो, सरकारी कामात ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो. म्हणजे काम कुठे चालू आहे, कोणाचे आहे, केवढे आहे, हे सरकारला पहिली वीट रचण्याआधीच कळलेले असते.

त्या जागेवर घाम कोण गाळतो, हे मात्र सरकार शोधत नाही. ते कामगारानेच सिद्ध करायचे.

१९९६ च्या केंद्रीय कायद्यातून आलेली ही व्यवस्था राबवणारे राज्याचे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. त्याच्या योजना कागदावर भक्कम आहेत: नैसर्गिक बाळंतपणाला १५ हजार, शस्त्रक्रियेने झाले तर २० हजार, पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला अडीच हजार, कामावर मृत्यू आला तर वारसाला ५ लाख. पण नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. मजूर अड्ड्यावर उभा राहणारा बिगारी आज एका मुकादमाकडे स्लॅबवर, तर परवा दुसऱ्याकडे प्लास्टरवर असतो. त्याच्या दाखल्यावर सही कोणी करायची? ठेकेदार जबाबदारी अंगावर येईल म्हणून टाळतो आणि दलालाचे फावते. जोडप्याची हजेरी तर पुष्कळदा नवऱ्याच्याच नावावर लागते. शेजारी घमेले वाहणारी बायको कुठल्याच वहीत नसते. ती परांचीवरून पडून दगावली, तर ते ५ लाख कोणत्या नोंदीवर मागायचे?

पैसा नाही, ही सबब इथे चालत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. मदन लोकुर यांच्या खंडपीठाने हिशेब मांडला तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर गोळा झाला होता आणि खर्च झाले होते जेमतेम साडेनऊ हजार कोटी. त्या खर्चातही लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन होती. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केंद्राच्याच सांगण्यानुसार राज्यांच्या मंडळांकडे सुमारे ५२ हजार कोटी शिल्लक होते. मजूर त्याच दिवसांत पायी गावाकडे निघाले होते.

बोगस नोंदणीची तक्रार खरी आहे. हातात कधी थापी न धरलेल्यांनी मंडळाकडून मिळणारे भांड्यांचे संच नेले, हे गावोगाव लोक सांगतात. पण म्हणून कागद वाढवले की दलालाची फी वाढते आणि अडतो तो खरा गवंडी. साइटवर जाऊन प्रत्यक्ष हजेरीवरून नोंदणी केली, तर खोटा आपोआप गळेल आणि खऱ्याला दाखल्यासाठी फिरावे लागणार नाही.

परप्रांतातून आलेल्यांचा प्रश्न आणखी बिकट. छत्तीसगडहून वाघोलीला आलेल्या कुटुंबाला गावच्या शिधापत्रिकेवर पुण्यात धान्य मिळू शकते. २०२२ पासून ती सोय देशभर आहे. कल्याण मंडळाची नोंदणी मात्र राज्याच्या सीमेवरच थांबते. धान्याला जे जमले ते इथे न जमण्याचे तांत्रिक कारण दिसत नाही.

सरकारने आता एवढे करावे: उपकराची पावती फाडताना त्या बांधकामावरच्या प्रत्येक स्त्री-पुरुष मजुराच्या नोंदणीची जबाबदारी बिल्डर आणि ठेकेदारावर टाकावी, आणि ती झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.