जिंकलेलें जहाज

फ्रान्सच्या रोशफोर बंदरांत १८०० सालीं पाण्यांत उतरलेलें ‘द्युगे-त्रुआं’ हें ७४ तोफांचें शिडाचें लढाऊ जहाज ट्रफाल्गारच्या संग्रामांतून निसटलें. परंतु ४ नोव्हेंबर १८०५ रोजीं तें इंग्रजांच्या हातीं पडलें. त्यांनीं त्यास ‘इम्प्लॅकेबल’ हें नांव देऊन आपल्या आरमारांत घेतलें व १८०८ सालीं बाल्टिक समुद्रांत रशियनांविरुद्ध लढविलें. १८५५ पासून त्यावर मुलांना नाविकविद्येचे धडे मिळूं लागले. त्याच्या साऱ्या चाकरींत आम्ही हीच श्रेष्ठ मानतों. तोफा काय, इतर शेंकडों जहाजांनींही डागल्याच होत्या!

दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च परवडेना, फ्रान्सनेंही तें स्वीकारलें नाहीं. तेव्हां २ डिसेंबर १९४९ रोजीं दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें फडकत ठेवून, सुरुंग लावून, तें इंग्लिश खाडींत बुडविण्यांत आलें. असला सन्मान आम्हांस पटत नाहीं. पैशाची अडचण खोटी नव्हती, हें कबूल. पण पोर्टस्मथ येथें त्याच्याच शेजारीं मुलांना शिकविणारें दुसरें जुनें जहाज, १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडियांनीं सागवानी लांकडाचें बांधिलेलें ‘त्रिंकोमाली’, पुढें दुरुस्त झालें व आज हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. फ्रेंच जहाजाचें मात्र मागील बाजूचें नक्षीकाम आणि पुढील टोंकाची मूर्ति, हीं ग्रिनिचच्या संग्रहालयांत उरलीं आहेत.