चाळीला चाळ म्हणा आणि तारण द्या

उन्हाळ कांदा चाळीत पडू लागला की वाचकांची पत्रे भावाबद्दल येतात. यंदा मात्र चांदवड, येवला, देवळा, कळवण भागांतून आलेली बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. चाळीतल्या कांद्यावर तारण कर्ज मागितले तर उत्तर मिळते, ‘माल गोदामात नाही.’ एका सभासदाने चाळीचे फोटो जोडले होते. चारही बाजूंनी भिंत नाही, शटर नाही, पट्ट्यांमधून माल बाहेरून दिसतो, असा शेरा मारून अर्ज परत आला. ज्या फटींमुळे कांदा टिकतो, त्याच फटी कागदावर दोष ठरल्या.

आपल्याकडे माल ठेवण्याच्या प्रत्येक जागेला वेगळे नाव आहे. गोदाम म्हटले की सोयाबीन, मका, खताच्या गोण्या. वखार महामंडळाच्या पाटीवर असली, तरी नाशकात कुणालाही विचारा, वखार म्हणजे लाकडाची. लासलगाव-पिंपळगावकडे व्यापारी माल निवडतो, गोणी भरतो, ते खळे. शेतकऱ्याची ती चाळ. जुन्नर-आंबेगावकडे तिलाच बराखी म्हणतात. ‘कांदा गोदामात भरला’ असे निफाडात कुणी म्हणत नाही, कारण तो तिथे भरला तर सडतो. धान्य वाळवून, पोत्यात घालून, थप्पी लावून, धुरी देऊन बंद करता येते. कांदा सुटा पडतो आणि चाळीतही श्वास घेत असतो. त्याला तळातून हवा लागते, म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, बाजू जाळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांच्या आणि थर चार-पाच फुटांवर थांबवलेला. अशा बांधकामाला भिंत आणि शटर मागणारा माणूस कांदा सडवायला सांगतो आहे, हे त्याला कुणीतरी समोर बसून समजावले पाहिजे.

चाळ शासनाला अनोळखी आहे म्हणावे, तर तसेही नाही. अनुदानाच्या योजनेत ‘कांदाचाळ’ हाच शब्द आहे. अनेक वर्षे टनामागे 3,500 रुपये, 25 टनांच्या चाळीला 87,500 रुपये या हिशेबाने पैसे वाटले गेले. त्यासाठी पूर्वसंमती घ्यायची, आराखड्याप्रमाणे बांधायचे, फोटो काढायचे, कृषी सहायकाने येऊन टेप लावायची. म्हणजे रिकामी चाळ सरकारला मान्य आहे. तिच्यात माल पडला की तीच चाळ कुणाच्याच यादीत बसत नाही! एका खात्याने मोजून, पैसे देऊन उभी केलेली वास्तू दुसऱ्या टेबलावर साठवणुकीची जागा ठरत नसेल, तर त्याची शिक्षा शेतकऱ्याने का भोगायची?

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी उचलायची. योजना चांगली आहे. तिच्या यादीत सोयाबीन, तूर, हरभरा, मका, हळद आहे, काजू बी आणि सुपारी आहे, बेदाणाही आहे. त्यामुळे द्राक्ष आणि कांदा दोन्ही पिकवणाऱ्या शेतकऱ्याला बेदाण्यावर पैसे उचलता येतात, कांद्यावर नाही. 31 मे 2023 रोजी केंद्राने सहकारातील साठवणुकीची मोठी योजना मंजूर केली, तीही धान्याची.

अधिकारी म्हणतात, कांदा नाशवंत आहे. आहेच. चार-सहा महिन्यांत वजनघट, सड आणि मोड मिळून तीस-चाळीस टक्के माल जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मग 75 ऐवजी 50 टक्के द्या. सहा महिन्यांऐवजी तीनच महिने द्या. दर महिन्याला चाळ पाहून मालाची किंमत कमी धरा. आम्ही हे सगळे मान्य करतो. दारच बंद ठेवणे मान्य नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी 40 टक्के निर्यातशुल्क लागले तेव्हा जिल्ह्यातल्या चाळी भरलेल्या होत्या. सोसायटीचे हप्ते, मजुरी, मुलांची फी अंगावर असलेल्याला माल रोखून धरता आला नाही. पडेल त्या भावात त्याने चाळ फोडली. हाताशी थोडे पैसे असते तर यातले अनेक जण काही आठवडे थांबू शकले असते.

आता सभासदांना. अनुदानाच्या चाळीत ट्रॅक्टर आणि कडबा ठेवणारे आपल्यातच आहेत. आठ फुटांपर्यंत थर चढवणारे, पात ओली असताना मान कापून माल घाईने आत टाकणारे, गोल्टी-जोड न निवडता सरसकट भरणारेही आपल्यातच आहेत. त्यांच्या चाळीतून ऑगस्टमध्ये वाहणारे पाणी पाहूनच अधिकारी आपल्या सगळ्यांविषयी मत बनवतात. त्याहून मोठी ढिलाई म्हणजे भरताना वजनच नाही. ‘चार ट्रॉल्या भरल्या’ यावर कोण कर्ज देईल? 2023 च्या 350 रुपये क्विंटल अनुदानात सातबाऱ्यावर कांद्याचा पेरा नाही म्हणून किती जणांची धावपळ झाली, ते विसरू नका.

म्हणून या हंगामात एवढे कराच. ई-पीक पाहणीत उन्हाळ कांदा नोंदवा. चाळीत जाणारी प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावरून न्या, पावती जपा. भरल्याची तारीख, वाण आणि वजन वहीत लिहा, दर महिन्याला निवडून फेकलेला माल त्याच वहीत टाका. कर्जाच्या अर्जात ‘गोदाम’ या रकान्यात सही करू नका. रकाना खोडून स्वतःच्या हाताने ‘कांदाचाळ’ लिहा आणि अनुदानाचा मंजुरी आदेश जोडा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. ते लेखी उत्तर आणि वहीच्या पानांची प्रत जून संपण्याआधी आमच्याकडे पाठवा. तालुकावार गठ्ठे बांधून आम्ही ती पणन मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहोत. एका तालुक्यातून पाच-दहाच कागद आले, तर मागणी टेबलावरच पडून राहील.